रेपोवरचं नाव

नागपूर, ३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय हिमानी मॅडम,

नमस्कार. मी दीक्षा खोब्रागडे. दसऱ्यानंतर आपल्या कंपनीत लागले. माझ्यासोबत रोशन आणि करिष्मा असे आणखी दोन जण नवीन आहेत. तुम्हाला इंग्रजीतून विनंत्या पाठवल्या, ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. तुमचं आडनाव भोयर दिसलं, म्हणून आता मराठीत लिहून पाहते.

आपल्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड ज्या रेपोमध्ये ठेवलेला आहे, त्याचा अ‍ॅक्सेस आम्हा तिघांना हवा आहे. तो देण्याचा अधिकार फक्त तुम्हाला आहे असं सौरव सर म्हणतात. स्क्रीनवरही तेच दिसतं, ओनर हिमानी भोयर. हा ईमेल पत्ता मला तिथेच मिळाला. फोन नंबर मागितला तर सर म्हणाले, "त्या सुट्टीवर आहेत, त्यांना फोन करायचा नाही."

मॅडम, महिना होत आला. मी रोज कन्हानहून बसने येते, कॉम्प्युटर सुरू करते आणि "परवानगी मिळालेली नाही" हे वाक्य वाचते. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचं पुस्तक आम्ही इतक्यांदा वाचलं की रोशनला ते तोंडपाठ झालं. तो पाठ म्हणून दाखवतो आणि आम्ही दोघी हसतो. मग सर केबिनमधून पाहतात आणि आम्ही पुन्हा पुस्तकात डोकं घालतो.

घरी आई रोज विचारते, "आज काय काम केलं वं?" मी तिला सांगितलं, एक मोठं गोदाम समज. सगळा माल आत आहे, आम्हाला तोच दुरुस्त करायचा आहे, आणि आम्ही बाहेर ओट्यावर बसलोय. ती म्हणाली, "मंग किल्लीवाल्याले सांगा न." तेच सांगते आहे.

डिसेंबर संपताना आमच्या प्रोबेशनचा आढावा आहे. तेव्हा मी काय दाखवू? ही माझी पहिली नोकरी आहे. कॉलेज संपल्यावर दीड वर्ष मी घरी बसून होते. कृपया लवकर पाहावे.

आपली नम्र,
दीक्षा


पारशिवनी, ६ नोव्हेंबर

दीक्षा यांस,

पत्र मिळालं. मी बाळंतपणाच्या सुट्टीवर, आईकडे पारशिवनीला आहे. मुलगी दीड महिन्याची आहे. सिझेरियन झालं, फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

रेपो म्हणजे ऑफिसातला पाण्याचा माठ नाही, आला तो ग्लास बुडवून गेला. त्या कोडवर कळमन्याच्या बाजारातल्या किती दुकानांचे वजनकाटे चालतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? एक ओळ चुकली तर सकाळच्या लिलावात लोक खोळंबतात. मी सुट्टीवर निघाले तेव्हा नवीन माणसं घ्यायचं काही ठरलेलं नव्हतं. तुम्हाला कोणत्या पदावर घेतलं? कुणी घेतलं? तुम्ही आधी कुठल्या भाषेत, काय काम केलं आहे? हे मला लिहून पाठवा.

तूर्तास तुम्हाला वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस देते. बदल करता येणार नाहीत. बाकी दोघांचं नंतर पाहू.

फोन करू नये हे बरोबर आहे. इथे नेटवर्क धड नाही आणि मुलगी झोपली की मलाही झोपायचं असतं.

हिमानी भोयर


नागपूर, १० नोव्हेंबर

हिमानी मॅडम,

तुम्ही अ‍ॅक्सेस दिलात. उघडून पाहिलं तर तो शाळेच्या फीचा प्रोग्राम निघाला. शेवटचा बदल पाच वर्षांपूर्वीचा आहे. ते सॉफ्टवेअर कंपनीने कधीच बंद केलं, असं सौरव सर म्हणाले. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इतने दिन में यही मिला तुमको?"

चूक झाली असेल असं मी धरून चालते. पण आज जे झालं ते तुम्हाला कळायलाच पाहिजे.

कळमन्यातले एक अडते आज ऑफिसात आले. संत्र्याचा हंगाम जोरात आहे. त्यांच्याकडे माल आता प्लास्टिकच्या कॅरेटमधून येतो. काट्यावर गाडी चढली की आपलं सॉफ्टवेअर रिकाम्या कॅरेटचं वजन वजा करतं आणि मग पावती काढतं. ते वजन आता दोनदा वजा होतंय. म्हणजे शेतकऱ्याचा माल पावतीवर कमी दिसतो. अडते पेनाने आकडे दुरुस्त करून देतात, पण खाडाखोड केलेल्या पावतीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

"पोरी, लोकं मले चोर म्हणून राहिले! बारा वर्षं झाले धंद्याले, कोणी बोट नव्हतं दाखवलं. तुमचा कंपुटर मले चोर करून राहिला!"

मी म्हटलं, काका, पाहते. काय पाहणार होते? चूक कुठे असेल याचा मला अंदाजही आला होता. पण त्या फायलीपर्यंत मला जाताच येत नाही. पाणी आणून दिलं त्यांना. नोकरीत केलेलं हे माझं पहिलं काम.

तुम्ही माझं शिक्षण, अनुभव विचारलात. मुलाखतीत सौरव सरांनी विचारलं होतं तेच सगळं. पुन्हा तुमच्यापुढे परीक्षा द्यायची आहे का? आम्ही नवीन आहोत, लहान कंपनीत लागलोय, म्हणून आम्हाला जुना भंगार प्रोग्राम पुरे, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा. म्हणजे मी वाट तरी पाहणार नाही.

दीक्षा


पारशिवनी, १२ नोव्हेंबर

दीक्षा,

चूक झाली नव्हती. तो जुना प्रोग्राम मी मुद्दाम दिला. तुम्ही त्याचं काय करता ते पाहायचं होतं. राग आला असेल तर येऊ द्या, मलाही आलेला आहे.

कॅरेटच्या घोळाबद्दल मला कुणीही कळवलं नाही. एक शब्द नाही. माझा ऑफिसचा ईमेल दिवाळीच्या आधीच बंद झाला आहे. मी सौरव सरांना दोनदा मेसेज केला, तो त्यांनी वाचला, उत्तर दिलं नाही. तुमच्या त्या इंग्रजी विनंत्या बंद पडलेल्या पत्त्यावर गेल्या असणार. मराठीतलं पत्र तेवढं माझ्या खासगी पत्त्यावर आलं. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही कोण हेच मला कळत नव्हतं.

चूक मी दुरुस्त केली आहे. मुलगी मांडीवर, एका हाताने टायपिंग. आई शेजारी उभी राहून बोलत होती, "आधी लेकरू पाय, मंग तुया कंपुटर पाय!" मुलगी भुकेने रडत होती आणि मी कॅरेटचं वजन वजा करत होते. दुपारपर्यंत सगळ्या काट्यांवर नवीन प्रत पोचली असेल. त्या काकांना फोन करून खात्री करून घ्या. आणि त्यांची माफी मागा. कंपनीच्या वतीने नको, माझ्या वतीने मागा. जुन्या लाकडी पेट्यांचं वजन वजा करणारी ओळ मीच तिथे ठेवली होती, कॅरेट आल्यावर ती काढायची राहिली.

एक विचारते. तुम्ही ऑफिसात नेमक्या कुठे बसता?

हिमानी


नागपूर, २० नोव्हेंबर

आदरणीय हिमानी मॅडम,

आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. पावत्या आता बरोबर येत आहेत. आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीकडून आम्हाला खूप शिकायला मिळत आहे. टीमच्या हितासाठी आणि आपल्यालाही या नाजूक काळात त्रास होऊ नये यासाठी रेपोचा पूर्ण अधिकार माझ्याकडे सोपवावा, ही विनंती. म्हणजे आपण निश्चिंत मनाने बाळाकडे लक्ष देऊ शकाल. कंपनी हे एक कुटुंब आहे आणि आपण त्यातल्या मोठ्या ताई आहात.

बाळास आशीर्वाद.

आपली,
दीक्षा


पारशिवनी, २१ नोव्हेंबर

दीक्षा,

हे पत्र तुमचं नाही. "नाजूक काळ", "टीमचं हित", "कंपनी हे कुटुंब" ही भाषा मी सहा वर्षं ऐकलेली आहे. तुमच्या आधीच्या पत्रात तुम्ही माझ्याशी भांडलात, ते मला आवडलं होतं. या पत्रात तुम्ही मला गोड बोललात आणि मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही.

म्हणून मीच सांगते तुम्ही कुठे बसता. खिडकीजवळ, जिथून समोरच्या रसवंतीचा फलक दिसतो. खुर्चीचा डावा हात सैल आहे. बरोबर?

ती कंपनी चार माणसांची होती तेव्हा मी तिथे लागले. रेपो माझ्या नावाने उघडला, कारण तो कसा उघडायचा हे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. नंतर किती वेळा मी म्हटलं, सर, आणखी एक-दोघांना ओनर करू या, मी उद्या आजारी पडले तर? "अरे, तू कहां जाएगी?" म्हणायचे. आता मी गेले आहे, तर फोन नाही, ईमेल बंद, माझ्या खुर्चीवर नवीन मुलगी, आणि मला पत्र कशाचं, तर अधिकार सोपवा.

तुम्हाला वाटतं मी अहंकाराने अडवते आहे. तसं नाही हो. त्यांना माझी गरज पडावी अशी ही एकच गोष्ट उरली आहे. ती मी तुम्हाला दिली की मला परत बोलावायचं कुणाला कारणच राहणार नाही. सहा वर्षांचं काम आहे, मुलगी दोन महिन्यांची आहे, नवरा भिलाईला आहे. मी माझ्या जागेवर परत जाणार आहे. तुम्हाला हे कळत नसेल तर निदान ते असलं लोण्यासारखं पत्र पुन्हा पाठवू नका.

हिमानी


नागपूर, २७ नोव्हेंबर

हिमानीताई,

मॅडम म्हणवत नाही आता. रागावला असाल तरी ताईच म्हणते.

ते पत्र सरांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. ते माझ्या मागे उभे होते. "तू उधर की ही है न, कन्हान-पारशिवनी, गोड बोल न, देऊन टाकते ती." मी "बाळास आशीर्वाद" लिहिलं तेवढं माझं होतं. तेही वाचताना आता चोरीचं वाटतं.

तुमचं उत्तर मी ऑफिसात वाचलं नाही, बसमध्ये वाचलं. कामठीच्या पुढे रस्ता खोदून ठेवलाय, बस तिथे अर्धा तास उभी होती. रसवंतीचा फलक, सैल खुर्ची, सगळं बरोबर आहे. ती जागा कुणाची होती हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात माझ्या कानावर आलं होतं. मी ते तुम्हाला लिहिलं नाही. अ‍ॅक्सेस हवा होता म्हणून.

आता पुढचंही सांगते. मंगळवारी सरांनी मला आणि रोशनला केबिनमध्ये बोलावलं. करिष्मा आता नाही. "मी इथे बसून बसून कोडिंग विसरून जाईन" म्हणाली आणि दुसरीकडे लागली. सर म्हणाले, "एक बार अ‍ॅक्सेस आ गया, कि त्या बाईंचा विषय बंद. त्यांना परत घ्यायचं नाहीये. तुमच्यापैकी एक जण तिच्या जागेवर पर्मनंट." असं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

ताई, मला ते ऐकून आनंद झाला. खोटं का बोलू?  घरी जाऊन आईला सांगितलं. तिने गल्लीत सांगितलं. मग मी जेवायला बसले आणि मला एका हाताने टायपिंग आठवलं. ताट तसंच सारून उठले.

तुम्हाला काय करायचं ते करा. अ‍ॅक्सेस देऊ नका म्हणालात तरी चालेल. पण तुम्ही कशासाठी द्याल आणि पुढे काय होईल, हे माहीत असून मी गप्प बसले तर रोज त्या खुर्चीवर बसणं मला जमायचं नाही. हे पत्र सरांना दाखवलंत तर माझी नोकरी जाईल. दाखवणार नाही ना?

दीक्षा


पारशिवनी, ४ डिसेंबर

दीक्षा,

पत्र कुणालाही दाखवलेलं नाही.

आठवडाभर मी चिडून होते. सौरव सरांवर, तुझ्यावर, त्या रेपोवर, अगदी छोटीवरसुद्धा. तिची काय चूक? दूध पिताना ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरते आणि सोडत नाही. मी तिच्या मुठीतून ओढणी खेचून काढली, ती दचकून रडली, आणि आई मला इतकं बोलली की विचारू नकोस. तेव्हा मी थांबले.

काल माझ्या हाताने केलेली दुरुस्ती पुन्हा पाहिली. घाईत केली होती. चारशे कॅरेटच्या पुढे गेलं की ती परत चुकणार. हंगाम आहे, मोठ्या गाड्या येणारच. मी इथून, हिला झोपवून, किती वेळा धावणार आहे? मी दार अडवून उभी राहिले तर सरांचं काय बिघडतं? पावती चुकीची निघते ती पारशिवनीच्याच एखाद्या माणसाची.

म्हणून आज अ‍ॅक्सेस दिला आहे. रोशनला बदल करण्यापुरता. तुला ओनर केलं आहे. माझ्याइतकाच अधिकार तुझा. अर्धा देऊन पुन्हा दर वेळी तू मला विचारणार आणि मी तीन दिवसांनी पाहणार, हे नको. चारशेच्या पुढची चूक तू दुरुस्त कर. करण्याआधी जुन्या पावत्यांवर तपासून घे. माझ्यासारखी घाई करू नकोस.

सरांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. माझी सुट्टी कायद्याने आहे, १६ मार्चला मी हजर होणार आहे, आणि सुट्टीत मला काढता येत नाही, असं सरळ लिहिलं. रजिस्टर्ड पोस्टाने. माझ्या नोकरीचं भांडण मी त्या पत्रावर भांडेन. त्यासाठी रेपो अडवून धरणार नाही.

तुझी मुलाखत मी घ्यायला पाहिजे होती. तुला पहिल्याच दिवशी घेतलं असतं.

हिमानी


नागपूर, ११ डिसेंबर

ताई,

मी तुझ्यावर रागावले आहे. तू मला "तू" लिहिलंस, मग मीही लिहिते. काहून केलं मला ओनर? रोशनसारखा साधा अ‍ॅक्सेस दिला असतास तर सोमवारचा प्रसंग माझ्यावर आला नसता.

चारशेच्या पुढची चूक मी शुक्रवारी दुरुस्त केली. जुन्या पावत्यांवर तपासली, रोशनने परत तपासली. दोघंही इतके खूश होतो की खाली जाऊन पोहे खाल्ले. सोमवारी तुझं रजिस्टर्ड पत्र आलं. सरांनी ते उभ्यानेच वाचलं. मग ते माझ्या टेबलाशी आले.

"ओनर झालीस न तू?"

"हो सर."

"तिचं नाव काढून टाक."

मी विचारलं, "कोणाचं?" मला कळलं होतं तरी विचारलं.

"हिमानीचं. आत्ता. मी उभा आहे."

ताई, ते एक बटण आहे. तुला माहीत आहे ते कुठे असतं. माझा हात माऊसवर होता. मी कुणी शूर मुलगी नाही. माझ्या डोक्यात प्रोबेशन होतं, आईने गल्लीत सांगितलेलं होतं. आणि मला एवढंच वाटत होतं की ज्या बाईने चार दिवसांपूर्वी मला आत घेतलं तिला मी माझ्या हाताने बाहेर काढू शकत नाही. मी म्हटलं, "सर, मी नाही काढणार."

"काहून?"

"त्या सुट्टीवर आहेत, सोडून गेल्या नाहीत."

 ते रोशनकडे वळले. रोशन म्हणाला, "सर, मले तं तेवढा अधिकारच नाही भेटला." खरंच बोलला, पण इतक्या आनंदाने बोलला की मला हसू येईल अशी भीती वाटली.

मग सर म्हणाले, "ठीक आहे. मला ओनर कर. मी काढतो."

याला मी नाही म्हणू शकले नाही. कंपनी त्यांची आहे, कोड त्यांचा आहे. मी केलं. यासाठी तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी खुर्चीवरून उठले, ते बसले. मी त्यांना बटण दाखवलं. त्यांनी बाण बरोबर त्याच्यावर नेला आणि थांबले. म्हणाले, "हे काढलं आणि उद्या काही बंद पडलं तर?"



रोशन म्हणाला, "बंद पडलं तं आमाले नाही जमनार, सर. आमी आता कुठं आत आलो."

सरांनी बाण बटणावरून बाजूला नेला. मग उठले. तुझं नाव आहे तिथेच आहे. जाताना मला म्हणाले, "तुझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं."

आईला सांगितलं. "दुसऱ्याच्या नावासाठी सवताचं नाव खराब केलं तुनं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. अजून नीट बोलत नाही. मला वाटलं होतं ती समजून घेईल.

दीक्षा


पारशिवनी, १९ डिसेंबर

दीक्षा,

सरांना ओनर केलंस हे वाचून मी ईमेल बंदच केला. दोन दिवस उघडला नाही. मग वाटलं, मी तिथे असते तर मीही केलं असतं. मालक समोर उभा राहून मागतो तेव्हा काय सांगणार? राग गेला असं नाही, पण तो तुझ्यावर राहिलेला नाही.

काल सरांचा फोन आला. दिवाळीनंतर पहिला. छोटी पूर्ण वेळ रडत होती. मी तिला शांत करायला आईकडे दिलं नाही. ऐकू दे म्हटलं.

"अगं, गैरसमज झाला. ईमेल त्या नवीन सिस्टिममुळे बंद झाला."

"सर, मग १६ मार्चला मी हजर होते असं लिहून पाठवा."

"लिहायची काय गरज? आपण काय परके आहोत का?"

"लिहूनच पाहिजे."

आज आलं लिहून. तीन ओळींचं आहे, त्यात दोन चुका आहेत, पण आलं.

तुझ्याबद्दलही मी बोलले. म्हटलं, तिचं प्रोबेशन वाढवायचं काही कारण नाही, तिने हंगामातली चूक दुरुस्त केली. "ते मी बघेन," म्हणाले. ते बघणार नाहीत हे मला माहीत आहे. तुझ्यासाठी माझ्या हातात काही नाही, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. तू माझी जागा धरून ठेवलीस आणि मी तुझी धरू शकत नाही.

मार्चपर्यंत टिक. मी आले की एकत्र बसून कोड नीट लावू. तुझी आई बोलत नसेल तर तिला सांग, पारशिवनीहून एक बाई तिला भेटायला येणार आहे.

हिमानी


नागपूर, ७ मार्च २०२६

ताई,

एवढे दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोशन पर्मनंट झाला. चांगलं झालं, त्याच्या घरी गरज आहे. मला जानेवारीपासून फोन घ्यायला बसवलं. काटेवाल्यांचे फोन येतात, मी ऐकते आणि रोशनला सांगते. रेपोचा अधिकार होता, पण उघडायला वेळच दिला नाही. सर मला नावाने हाक मारत नाहीत, "फोनवाली" म्हणतात.

कालपासून मी तिथे नाही. वर्धा रोडवर दुसऱ्या एका कंपनीत मिळालं. सोमवारी रुजू व्हायचं आहे. त्यांना सांगून पाहिलं की दहा दिवसांनी येते, ते म्हणाले मग दुसरं कुणी घेतो. तू येण्याच्या आठवडाभर आधी मला निघावं लागलं, याचा इतका संताप होतो की कुणाला सांगू?

कोडमध्ये चारशे कॅरेटच्या दुरुस्तीखालीच आणखी एक जागा कच्ची आहे. शेवटच्या दिवशी मी तिथे दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. वेळ मिळेल तेव्हा पाहा.

आई बोलते आता. नवीन कंपनीबद्दल तिने गल्लीत अजून सांगितलं नाही. "आधी महिना होऊ दे," म्हणाली.

छोटीला माझे खरे आशीर्वाद.

दीक्षा


नागपूर, २० मार्च

दीक्षा,

सोमवारी हजर झाले. आईला सोबत आणलं आहे, ऑफिसजवळ एक खोली घेतली, दुपारी जाऊन छोटीला पाजून येते. सर नमस्कार म्हणाले, मीही म्हणाले. रोशनने चहा आणून दिला आणि तुझी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. "मले तेवढा अधिकारच नाही भेटला" हे तीन वेळा म्हणून दाखवलं.

मी तुझ्यावर जाम चिडले आहे. दहा दिवस! इतके महिने आपण एकाच कोडसाठी भांडलो आणि एक दिवस शेजारी बसून काम केलं नाही. कोणाला सांगायचं हे? आईला सांगितलं तर म्हणते, "मंग तिले घरी बलाव."

कच्ची जागा पाहिली. तू लिहिलेल्या दोन ओळी मला पहिल्यांदा कळल्याच नाहीत. नंतर कळल्या. मी तसं केलं नसतं, पण तुझं बरोबर आहे. तसंच ठेवलं.

आणि आज एक काम केलं, ते तुला सांगायला पाहिजे. तुझं नाव काढलं. सर म्हणाले म्हणून नाही. त्यांच्या तर लक्षातही नव्हतं. माणूस कंपनी सोडून गेलं की त्याचा अ‍ॅक्सेस बंद करायचा असतो, आणि ते काम ओनरचं असतं, म्हणून मी केलं. तू माझ्या जागी असतीस तर तूही केलं असतंस. खरंच गेलेल्या माणसाचं नाव काढणं बरोबरच आहे.

तरी बाण त्या बटणावर नेला आणि मला दाबवेना. रोशन मागे येऊन उभा राहिला. मी उठले, छोटीला पाजून आले, परत येऊन बसले. मग दाबलं.

डिसेंबरात सर मागे उभे असताना तू नाही कशी म्हणालीस, ते मला भेटल्यावर सांग. रविवारी कन्हानला येते. छोटी आणि आई सोबत आहेत. जेवण नको, चहा चालेल. तुझ्या आईला काय आवडतं ते कळव.

तुझी,
हिमानीताई